यूव्ही मारल्यावर फिल्म काळी पडली, ती गरम होऊन का उजेडाने?

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका एम.एस्सी.च्या पोराचा आहे, प्रोजेक्ट चालू आहे त्याचं. आधी थोडक्यात प्रश्न सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. त्याच्याकडे अॅझोबेंझिनवालं (उजेडाने आकार बदलणारा रेणू) साइड चेन लिक्विड क्रिस्टल पॉलिमर आहे, म्हणजे लांब साखळीला बाजूनं लटकवलेले रेणू आपापली रांग लावतात असं, मेथॅक्रिलेटची मेन चेन, मधे सहा कार्बनचा स्पेसर (जोडणारा दुवा) आणि टोकाला मेथॉक्सी अॅझोबेंझिन. डीएससीत (तापवताना सँपल किती उष्णता घेतं-टाकतं ते मोजणारं मशीन) काच अवस्थेतून, म्हणजे कडक जखडलेल्या स्थितीतून, बाहेर येतंय 65 डिग्रीला, स्मेक्टिकचं (रेणूंची रांग आणि थर दोन्ही) नेमॅटिक (नुसती रांग) 95 ला आणि नेमॅटिकचं आइसोट्रॉपिक (रांगच नाही) 130 ला. काचेवर स्पिन कोट केलेली (गरगर फिरवून पसरलेली) साधारण 300 नॅनोमीटरची फिल्म हॉट स्टेजवर 105 ला ठेवली, वरून 365 नॅनोमीटरची एलईडी 50 मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटरने मारली, तर क्रॉस पोलरायझरखाली (काटकोनात ठेवलेले दोन पोलरायझर, त्यातून रांग नसलेलं काळं दिसतं) दिसणारं राखाडी टेक्स्चर पाच-सहा सेकंदात काळं. लाइट बंद केली की अर्ध्या मिनिटात परत उजळतंय. सर म्हणतात "अरे लॅम्पनं गरम होतंय, दुसरं काही नाही." तर हे खरं का, रूम टेंपरेचरला मग काहीच का होत नाही, आणि यूव्ही मारलेल्या सँपलच्या डीएससीत 98 ला उलट्या दिशेचा एक मोठा बम्प येतोय ती कुठली नवीन फेज, असे तीन प्रश्न.

भावा, सरांची शंका बरोबर आहे, उत्तर चुकीचं आहे. शंका बरोबर अशासाठी की या विषयात निम्म्या लोकांचा घोटाळा इथंच होतो. 365 चा एक मोल फोटॉन म्हणजे साधारण 328 किलोज्यूल. त्यातले सिस रूपात (उजेडानं वाकलेल्या रेणूत, पुढं सांगतो) साठून राहतात जेमतेम 50, तेही रेणू वळला तर, आणि वळतात दहातले एक ते तीन. बाकी सगळी एनर्जी उष्णताच होते. म्हणजे "उजेडाने झालं" म्हणणाऱ्या प्रत्येक प्रयोगात उष्णता असतेच, ती किती हा प्रश्न. आणि ते पेनानं कागदावर काढता येतं, त्याला कुठलं मशीन लागत नाही.

तुझं गणित करू. काच 1 मिलिमीटरची, म्हणजे एक चौरस सेंटीमीटरला 0.1 घन सेंटीमीटर काच, तिला एक डिग्री तापवायला साधारण 0.2 ज्यूल लागतात. लॅम्प पाच सेकंदात देतो 0.25 ज्यूल. सगळा उजेड शोषला गेला, एक कण उष्णता बाहेर गेली नाही असं धरलं तरी सव्वा डिग्री. फिल्म काचेपेक्षा वेगळी गरम व्हायचा प्रश्नच नाही, 300 नॅनोमीटर जाडीत उष्णता लगेच काचेत उतरते. तुला 105 वरून 130 ला जायला 25 डिग्री पाहिजेत. स्टेजला मधे भोक आहे, तिथं काच नीट टेकत नाही, म्हणून अजून दोन-तीन डिग्री घाल पाहिजे तर, तरी 25 कुठून येणार? हे पान सरांपुढं ठेव, नीट मांडलं तर ते ऐकतील.

पण हेच गणित सुट्या फिल्मला लावलं की चित्र पालटतं, आणि हे लई महत्त्वाचं आहे कारण पुढं तू बेंडिंगचा प्रयोग करणार म्हणालास. 20 मायक्रॉनची सुटी फिल्म चिमट्यात धरलेली, तिचं वजनच किती, तोच लॅम्प तिला पहिल्या सेकंदात दहा-एक डिग्री चढवू शकतो आणि हवेला उष्णता देत देत ती 20-25 डिग्री वर जाऊन थांबते. म्हणजे लॅम्प तोच, पॉलिमर तेच, काचेवर उष्णता नगण्य आणि सुट्यात भरपूर. सुटी फिल्म वाकली की लगेच "फोटोमेकॅनिकल" (थेट उजेडानं हललं) म्हणून लिहून टाकू नको, तिथं सरांचं म्हणणं अर्धं तरी खरं असेल.

आता खरं काय होतंय ते. ट्रान्स अॅझोबेंझिन सरळ, चपटा, काडीसारखा रेणू, दोन टोकांच्या कार्बनमधलं अंतर 9 अँगस्ट्रॉम. यूव्ही शोषला की मधला नायट्रोजन-नायट्रोजनचा जोड वळतो आणि सिस होतो, वाकडा, अंतर साडेपाच अँगस्ट्रॉमवर येतं. उसाच्या ट्रॉलीत मोळ्या सरळ असतात तोवर भर घट्ट बसते, त्यात मधे मधे पाचटासकट वाकडी बांडी कोंबली की शेजारच्या सरळ मोळ्या पण नीट बसत नाहीत, हे तसंच. एक वाकडा रेणू आजूबाजूच्या चांगल्या रेणूंची पण रांग बिघडवतो. लिक्विड क्रिस्टलपणा हा सगळा आकाराचा खेळ आहे, काडीसारखे रेणू देतात, चकतीसारखे पण देतात (ते 1977 ला आपल्याकडेच, बंगळुरूच्या रामन इन्स्टिट्यूटमध्ये चंद्रशेखर यांच्या ग्रुपनं दाखवलं), पण साधा वाकलेला सिस अॅझो नेमॅटिकला मदत करत नाही, उलट विरघळवतो.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि पूर्ण प्रोजेक्टमध्ये एवढं डोक्यात ठेव, की उजेड सँपलला 130 पर्यंत नेत नाही, तो 130 लाच खाली ओढतो. सिस वाढेल तसं नेमॅटिक-आइसोट्रॉपिकचं तापमान खाली सरकतं, आणि ते सरकत सरकत तुझ्या स्टेजच्या 105 च्या खाली गेलं की फिल्म जागेवरच आइसोट्रॉपिक, एक डिग्री पण न तापता. याला फोटोकेमिकल फेज ट्रान्झिशन म्हणतात, आणि जपानमध्ये इकेडा यांच्या ग्रुपनं यावर वर्षानुवर्षं काम केलंय. 1995 ला त्यांनी सायन्स या जर्नलमध्ये अॅझोबेंझिन लिक्विड क्रिस्टल फिल्मवर उजेडाने स्विचिंग आणि चित्र साठवणं दाखवलं तो पेपर काढून वाच, तुझ्या सेटअपच्या लई जवळचा आहे.

मग सिद्ध कसं करायचं? गणित झालं, पण परीक्षक गणितावर थांबत नाहीत. लाइट बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात उजळतं ते सरांना "थंड झालं" वाटतंय, आणि खरी किल्ली तिथंच आहे. सिस आपोआप ट्रान्स होतो, त्याला साधारण 95 ते 100 किलोज्यूलचा अडथळा ओलांडायचा असतो. तुझ्यासारख्या दोन्ही बाजूला ऑक्सिजन लावलेल्या अॅझोचं सिस 25 डिग्रीला अर्धं संपायला एक दिवस लागतो असं धरून चालू. 100 किलोज्यूल घालून हिशोब केला तर 80 डिग्रीला तोच वेळ पावणेतीन मिनिटं, 105 ला 17 सेकंद, 130 ला अडीच सेकंदाच्या आसपास. तुझं अर्धं मिनिट या 17 सेकंदांशी कसं जुळतंय बघ. आता स्टेज 105 वरून 100, 95, 90, 80 अशी खाली आण आणि दर वेळी लाइट बंद केल्यावर उजळायला किती वेळ लागतो तो मोज. 95 च्या खाली स्मेक्टिक आहे, तिथं रांग मोडायला जास्त वेळ यूव्ही लागेल आणि पूर्ण काळं होईलच असं नाही, तरी चालतंय. काच थंड होणं हे कारण असतं तर हा वेळ सगळीकडे जवळपास तोच आला असता. सिस हे कारण असेल तर वेळ दर पायरीला वाढत जाणार आणि त्याच्या लॉगचा आलेख केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्ताविरुद्ध (1/T) काढला की उतारावरून अडथळा 95-100 किलोज्यूलच्या आसपास निघणार. हा एक आलेख पुरेसा आहे, सगळ्या चर्चा बंद. फक्त एक, टेक्स्चर उजळण्याचा वेळ आणि सिस अर्धं होण्याचा वेळ तंतोतंत एक नसतो, रांग परत लागायला पण वेळ जातो, म्हणून आकडा थोडा इकडंतिकडं झाला तर घाबरू नको.

दुसरी टेस्ट त्याहून सोपी आणि बघणाऱ्याला जास्त पटते. स्टेज 80-85 ला ठेव जिथं काळं झालेलं दोन-तीन मिनिटं टिकतं, यूव्ही बंद कर आणि लगेच 450 ची निळी एलईडी मार. निळ्या उजेडात सिस शोषतो आणि ट्रान्स होतो, म्हणून फिल्म अंधारातल्यापेक्षा लवकर उजळायला पाहिजे. निळी एलईडी पण उष्णताच देते ना, मग उष्णतेनं काळं झालेलं अजून उष्णता देऊन उजळेल कसं? सरांना बोलवून समोर दाखव, दहा सेकंदाचं काम आहे.

आता एक खोच, जी मी चांगल्या चांगल्या लोकांकडून सुटलेली बघितली आहे. काळं म्हणजे आइसोट्रॉपिक असं धरू नको. क्रॉस पोलरायझरखाली होमिओट्रॉपिक पण काळंच दिसतं, म्हणजे सगळे रेणू काचेवर उभे, उजेडाच्या दिशेनं तोंड करून. आणि अॅझोची सवयच अशी की तो ट्रान्स-सिस-ट्रान्स असा फिरत राहतो आणि शेवटी जिथं त्याला उजेड कमीत कमी लागतो त्या दिशेला जाऊन बसतो. पोलराइझ्ड उजेड असेल तर त्याच्या विद्युत क्षेत्राला काटकोनात, आणि साधा उजेड वरून येत असेल तर उजेडाच्या रेषेतच, उभा. विगर्ट नावाच्या शास्त्रज्ञानं 1919 लाच पोलराइझ्ड उजेडानं येणारा असा दिशेचा फरक पाहिला होता, म्हणजे गोष्ट नवी नाही. असं काळं होणं म्हणजे फेज ट्रान्झिशन नाही, रेणू नुसते वळले, रांग शाबूत. ओळखायला सोपं आहे, काळी झालेली फिल्म थोडी तिरकी कर, 20-30 डिग्री. आइसोट्रॉपिक तिरकी केली तरी काळीच, होमिओट्रॉपिक उजळते. तुझ्या हॉट स्टेजला तिरकं करायची सोय नसणार, मायक्रोस्कोपच सोड, दोन पोलरायझर शीटमध्ये हातानं कर. रिपेअरिंगवाल्याकडं फुटक्या एलसीडी मॉनिटरचं पॅनल मिळतं, त्याची वरची शीट सोलली की झालं पोलरायझर. आणि गरम काचपट्टी धरायला उद्यमनगरमध्ये कुणाकडून पण अॅल्युमिनियमचा ठोकळा कापून, मधे भोक पाडून, कार्ट्रिज हीटर आणि पीआयडी कंट्रोलर (तापमान स्थिर ठेवणारा) बसवून घे, तिरका धरता येईल असा. कास्टिंग आणि मशीनिंगचं गाव आहे आपलं, इंपोर्टेड स्टेजची वाट बघत सहा महिने घालवायचं काही कारण नाही.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावणार असशील तर त्याच्या टोकाचा मणी सावलीत ठेव. मण्यावर थेट यूव्ही पडली तर मणीच तापतो आणि आकडा फिल्मचा नाही, मण्याचा येतो. या चुकीच्या आकड्यावरून "10 डिग्री वाढली" म्हणून लिहिलेलं वाचायला मिळतं. थर्मल कॅमेऱ्याला पण काचेपलीकडचं दिसत नाही, तो काचेचंच तापमान सांगतो.

रूम टेंपरेचरला काही का होत नाही? कारण 65 च्या खाली तुझं पॉलिमर काच आहे. आपल्याकडं मे महिन्यात लॅब 36-38 ला जाते, तरी 65 लांबच. अॅझो वळतो काही प्रमाणात, त्याला फार जागा लागत नाही, पण शेजाऱ्यांनी रांग सोडायची म्हटली तर त्यांना हलता आलं पाहिजे, आणि काचेत ते जखडलेले. त्यात तुझी खालची फेज स्मेक्टिक, म्हणजे थर लागलेले, नेमॅटिकपेक्षा जास्त घट्ट. वर आणि अॅझो एकमेकांना चिकटून चळती करतात. हे तपासायला फिल्मचा आणि द्रावणाचा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम एकावर एक टाक. द्रावणात पीक 360 च्या आसपास येईल, फिल्ममध्ये तोच 330-340 कडं सरकलेला दिसला तर चळत झालेली आहे आणि तिथं 365 ची एलईडी पीकवर बसत पण नाही.

म्हणजे खेळायला जागा मधलीच. खाली काच, वर सिस टिकत नाही. 130 जवळ गेलास तर सिस अडीच सेकंदात अर्धं संपतं, लॅम्प भरतोय आणि उष्णता रिकामं करतेय, हातात सिस राहतं थोडंच. तरी तिथं थोडं सिस पण पुरतं कारण 130 ची रेघ जवळच आहे. खाली 75-80 ला सिस भरपूर साठतं पण रेघ 50 डिग्री खाली ओढायची असते. तुझ्यासाठी 95 ते 115 चा पट्टा सगळ्यात चांगला असं माझं मत, तू नशिबानं तिथंच गेलास.

जाडीबद्दल एक इशारा. तुझ्या होमोपॉलिमरमध्ये (सगळी युनिटं अॅझोचीच) अॅझोचं प्रमाण जवळपास 3 मोलर आहे, शोषणाचा आकडा 25 हजाराच्या आसपास. हिशोब केला तर 365 चा उजेड सुरुवातीला 60 नॅनोमीटरमध्येच एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. 300 नॅनोमीटर होती म्हणून तुझं जमलं, वरचा थर सिस झाला की तो 365 ला कमी शोषतो आणि उजेड हळूहळू खाली उतरतो. 10 मायक्रॉनच्या सेलमध्ये हेच केलंस तर वरचा पापुद्रा आइसोट्रॉपिक आणि खाली सगळं जसंच्या तसं, आणि तू म्हणशील पॉलिमर बिघडलं. जाड पाहिजे असेल तर अॅझो दोन-पाच टक्केच घाल, बाकी नॉन-अॅझो मेसोजेनचं (रांग लावणारा काडीसारखा रेणू) मिश्र साखळीचं कोपॉलिमर कर.

आणि बेंडिंग होतं ते याच असमान शोषणामुळं. क्रॉसलिंक केलेल्या (साखळ्या एकमेकींना बांधलेल्या), रांग लावलेल्या फिल्मचा उजेडाकडचा पापुद्रा रांगेच्या दिशेनं आखडतो, मागचा तसाच राहतो, म्हणून फिल्म लॅम्पकडं वाकते. 2001 ला फिंकेलमान आणि मंडळींनी नेमॅटिक इलॅस्टोमर (रबरासारखं पॉलिमर) यूव्हीनं साधारण 20 टक्क्यांपर्यंत आखडून दाखवलं, आणि 2003 ला यू, नाकानो, इकेडा यांनी नेचर जर्नलमध्ये एकाच फिल्मला पोलरायझेशन फिरवून पाहिजे त्या दिशेला वाकवून दाखवलं. नाद खुळा काम आहे ते. पण तुझं पॉलिमर क्रॉसलिंक केलेलं नाही, तुझं वाकून परत सरळ होणार नाही, वाहून जाईल. हे खरंच होतं बरं का, 2017 ला माइंझच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या ग्रुपनं दाखवलं की काही अॅझो पॉलिमरमध्ये सिसचं काच तापमान रूम टेंपरेचरच्या खाली जातं, म्हणजे यूव्ही मारली की घन पदार्थ वाहायला लागतो. तुझ्या फिल्मच्या कडा यूव्हीखाली गोल होताना, ओरखडे बुजताना दिसले तर हे डोक्यात असू दे.

राहिला 98 चा बम्प. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. तू लिहिलंस की द्रावणातच यूव्ही मारून, अंधारात वाळवून डीएससीला टाकलं, पहिल्या हीटिंगला 98 ला उष्णता बाहेर टाकणारा मोठा बम्प, दुसऱ्या हीटिंगला गायब. ती फेज नाही रे, ते सिस परत ट्रान्स होतंय. वर काढलेला हिशोबच लाव, 100 डिग्रीला सिस पंचवीस-तीस सेकंदात अर्धं संपतं, आणि 10 डिग्री प्रति मिनिटानं तापवत आलास तर सगळा माल त्याच भागात रिकामा होणार. मोलला 50 किलोज्यूल आणि तुझ्या एका युनिटचं वजन 396, म्हणजे पूर्ण सिस असेल तर ग्रॅमला 126 ज्यूल. नुसतं 10 टक्के सिस असेल तरी साडेबारा ज्यूल, आणि नेमॅटिक-आइसोट्रॉपिकचा खरा पीक असतो ग्रॅमला जेमतेम एक-तीन ज्यूलचा. म्हणजे हा बम्प खऱ्या पीकला झाकून टाकतो, आणि तुझं स्मेक्टिक-नेमॅटिक नेमकं 95 ला असल्यानं दोन्ही एकमेकांवर चढले. बम्पचं क्षेत्रफळ मोजून 126 नं भाग, तुझ्या सँपलमध्ये किती टक्के सिस शिल्लक होतं ते फुकटात मिळालं. 95 चा छोटा पीक उलट्या दिशेनं त्यातून वजा होतो, त्यामुळं आकडा किंचित कमी येईल, तेवढं लिहून ठेव.

आणि यावरून हे पण समजून घे की यूव्ही मारलेल्या सँपलचं क्लिअरिंग (आइसोट्रॉपिक होण्याचं तापमान) साध्या डीएससीत मिळणारच नाही. क्लिअरिंगपर्यंत पोचेस्तोवर सिस संपलेलं असतं आणि तुला परत तोच 130 दिसतो, मग वाटतं उजेडाचा काही परिणामच नाही. ते मायक्रोस्कोपवर करायचं, एलईडी चालू ठेवून 140 वरून हळूहळू थंड करत यायचं आणि टेक्स्चर किती डिग्रीला उगवतं ते बघायचं. एलईडीची पॉवर बदलून तीन-चार वेळा कर, पॉवर वाढेल तसं ते तापमान खाली जाताना दिसेल. पॉवर शून्य, 10, 25, 50, असं. फक्त मायक्रोस्कोपचा पांढरा दिवा किती निळा आहे ते बघ, कारण त्या दिव्यातला निळा भाग तुझं सिस गुपचूप परत ट्रान्स करत असतो. दिव्यापुढं लाल फिल्टर लाव, 600 च्या पुढचा. सगळी सँपल्स फॉइलमध्ये गुंडाळून ठेव, खिडकीजवळच्या टेबलावर तर अजिबात नको. गॉगल यूव्हीचाच घाल, साधा काळा चष्मा चालत नाही, 365 डोळ्याला नीट दिसत नाही म्हणून लोक बिनधास्त बघत बसतात.

450 ची एलईडी नसेल तर कळव, माझ्याकडं एक पडून आहे, शिरोलीला येऊन घेऊन जा.